टोरांटो-नाशिक फुगडी

"ताई, चालू झालं! थेट लिनक्सवर!" डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवून केतकी ओरडली.

लग्न होऊन टोरांटोला गेलेली ताई तीन वर्षं तिला या चष्म्यातून खेळायच्या खेळातल्या आभासी अंगणात बोलवत होती. पण खेळ चालायचा विंडोजवर, आणि केतकी आपल्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स सोडेल तर शपथ! कसंबसं जुगाड करून ती आत शिरायची, तर ताई दिसायच्या आतच सगळं बंद पडायचं. "बदल की गं ते एकदाचं," ताई वैतागायची. आज सकाळी मात्र खास लिनक्ससाठीची आवृत्ती आली होती.

अंगणात ताई उभी होती, चक्क नऊवारीत. चित्र जरासुद्धा अडखळत नव्हतं.

"फुगडी?" ताईने दोन्ही हात पुढे केले.

केतकीने हातात हात दिले, पावलं जुळवली आणि लहानपणीसारखं बिनधास्त मागे अंग झोकून दिलं. नाशिकच्या त्या खोलीत तिला धरायला कुणीच नव्हतं. ती धपकन गादीवर आदळली.

"ताई, पडले गं मी!" हसू आवरत नव्हतं.

कानात टोरांटोहून धापा टाकणारा आवाज आला, "मीपण पडलेय! तू धरलंयस असंच वाटलं मला."