चढावरचं बटण

बाबांचं शिलाईचं दुकान चढ संपतो तिथे. आई होती तोवर दोघं एकाच सायकलवर जायची. चढ लागला की आई कॅरिअरवरून टुणकन उतरायची, बाबांच्या पाठीला तळहात लावून ढकलायची आणि वर सुनावायची, "अहो, पाय हलवा, की तेही मीच करू?"

आई गेली आणि बाबांच्या गुडघ्यांनीही असहकार पुकारला. मग लेकीने हौसेने बॅटरीची सायकल घेऊन दिली. तरी बाबा दुकानात पोचायचे ते घामाघूम, धापा टाकतच. शेवटी तिने चढाखालच्या मेकॅनिकला सायकल दाखवली.

"सायकल ठणठणीत आहे, ताई. काकाच इथे आले की बॅटरीचं बटण बंद करतात. रोज बघतो मी."

ती तणतणत दुकानात शिरली. "बाबा, सपाट रस्त्याला बॅटरी आणि नेमकी चढालाच बंद? सायकल काय शोभेला आणली?"

बाबांनी मशीन थांबवलं. तिच्याकडे न बघताच म्हणाले,

"एकदा चालू ठेवून पाहिली गं. तुझ्या आईने पाठीवरचा हात काढून घेतला."