नेटवर पहिला नंबर

"बघ. पहिला नंबर," म्हणत भावाने मोबाईल ताईच्या नाकासमोर धरला आणि दुसऱ्या हाताने कागद तिच्यापुढे सरकवला.

ताईची सही हवी होती. वडील जाताना दुकान दोघांच्या नावावर करून गेले होते. कुकरच्या रिंगा, शिट्ट्या, दांडे, मिक्सरची झाकणं, असलं सगळं तिथे मिळायचं. शेजारच्या मेडिकलवाल्याला मधली भिंत पाडून गाळा हवा होता आणि भावाला तो देऊन टाकायची घाई झाली होती, कारण धंदा आता नेटवर जाणार होता. माल घराच्या मागच्या खोलीत राहील, ऑर्डरी मोबाईलवर येतील आणि कुरिअरवाला दारातून उचलून नेईल, असा सगळा बेत. सासर सोडून आल्यापासून ताई रोज याच काउंटरमागे उभी राहत आली होती. माझं काय, असं तिने विचारलं तेव्हा भाऊ म्हणाला, तू आता आराम कर. बाईला घरी बसवायचं असलं की लोकांना तिच्या आरामाचा भारी पुळका येतो.

हे सगळं भावाच्या डोक्यात भरवलं होतं सरांनी. सर कसले, वयाने भावापेक्षा चांगला दहा-बारा वर्षांनी लहान माणूस. पण बगलेत लॅपटॉप आणि तोंडात 'एसईओ', म्हणून भावाने त्याला सर करून टाकलं. नेटवर कुणी काही शोधलं की आपलं दुकान सगळ्यांच्या वर दिसावं, अशी ती विद्या म्हणे. सरांनी दुकानाची वेबसाईट बनवली आणि तिच्यावर लिहिलं: उत्तम कुकर रिंग, स्वस्त कुकर रिंग, टिकाऊ कुकर रिंग, जवळची कुकर रिंग. ताईने वाचून विचारलं, हे कुणी माणूस वाचेल का? सरांनी कीव आल्यासारखं हसून सांगितलं की ते माणसांसाठी नाहीच मुळी.

भाऊ बिचारा शंका विचारायचा. सरांकडे उत्तर तयारच. नंबर वर यायला किती वेळ लागतो? सहा महिने. सहा महिने तर झाले. मग अजून सहा महिने. लेख कशाला लिहायचे? नंबर यावा म्हणून. नंबर आला, तरी एकही ऑर्डर का नाही? फोटो चांगले नाहीत. नाचता येईना, अंगण वाकडं! पण भावाने लगेच झाडून सगळ्या शिट्ट्यांचे नवे फोटो काढून घेतले.

नंबर मात्र दिसत होता, हे खरं. भाऊ उठल्या उठल्या बघायचा, जेवताना बघायचा, गिऱ्हाईक समोर ताटकळत असताना बघायचा. शोधायचं, दुकान वर आलं की त्यावर बोट ठेवून आत शिरायचं, आणि आपल्याच रिंगा बघून आपलीच पाठ थोपटून घ्यायची. हा त्याचा नवा धंदा.

ताईने पेन उचललं, आणि पुन्हा ठेवलं. पर्समधून तिने स्वतःचा मोबाईल काढला आणि भावाने टाकले होते तेच शब्द त्यात टाकले. पहिल्या पानावर दुकान नव्हतं. दुसऱ्यावरही नव्हतं. सहीसाठी येऊन बसलेल्या मेडिकलवाल्यानेही उत्सुकतेने आपल्या मोबाईलवर पाहिलं. तिथेही नाही.

भावाने सरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सरांचा आवाज जराही हलला नाही. तुम्ही रोज तेच शोधता, रोज तेच उघडता, म्हणून तुमचा मोबाईल तुम्हाला तेच वर दाखवतो, असं त्यांनी सांगितलं. आणि वेबसाईटवर रोज जे लोक येऊन गेलेले दिसतात, त्यातही बहुतेक तुम्हीच असाल. यात काळजीचं काही नाही. अजून सहा महिने द्या.

दुसऱ्या कुणी फोन आपटला असता. भाऊ म्हणाला, थँक्यू सर.

मेडिकलवाला उगाच छताकडे बघायला लागला. तेवढ्यात एक बाई पिशवीतून कुकरचं झाकण काढत आत आली. रिंगेचं माप काय, झाकण कुठल्या कंपनीचं, तिला काहीच माहीत नव्हतं. याला बसेल ती द्या, म्हणाली. ताईने दोन रिंगा लावून पाहिल्या, तिसरी बसली, बाई पैसे देऊन गेली. भावाने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. तो मोबाईलमध्ये पुन्हा आपलं दुकान शोधत होता, आणि ते पुन्हा पहिलंच आलं होतं.

ताईला रडू आलं नाही, राग आला. एवढी वर्षं हा सख्खा भाऊ शेजारी उभा राहिला आणि याला दुकान म्हणजे काय ते कळलं नाही. सही होणार नाही, असं तिने सांगून टाकलं. भाऊ भडकला. तुला यातलं काय कळतं, म्हणाला. तो माणूस एक्स्पर्ट आहे, या बाजारातली निम्मी दुकानं त्याच्या हातात आहेत, त्याला नेटमधलं कळत नाही आणि तुला कळतं?

"बरं," ताई म्हणाली. "एवढा मोठा एक्स्पर्ट. तुला तो नेटवर कितव्या नंबरावर सापडला?"

"नेटवर कशाला सापडेल?" भाऊ वैतागून म्हणाला. "रस्त्याने चालला होता. दुकान उघडं दिसलं, म्हणून आत आला."