परातीतले पप्पा

तुळिंजच्या खोलीतलं पुराचं पाणी ओसरलं तेव्हा फोटोंचा लगदा झाला होता. डब्यातल्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटल्या होत्या. वारलेल्या पप्पांचं तेवढंच उरलं होतं. मामा नखाने सोडवायला गेला, तशी तेजल खेकसली, "हात लावू नकोस! चेहरा सोलून निघेल!" तिने परातभर स्वच्छ पाण्यात अख्खा गठ्ठा सोडला. "येडी झालीस? पाण्यानेच वाट लावली, आणि परत पाण्यात?" आई ओरडली. "स्टुडिओवाल्या काकांना विचारलंय. चिकटलेल्या सुकल्या तर गेल्या कायमच्या." जेवायलाही न उठता ती पाणी बदलत बसली. दुपारी एक पट्टी आपोआप सुटली. तेजलने उजेडात धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं: पप्पांचा चेहरा काळा, केस पांढरेशुभ्र. तिशीत गेलेल्या नवऱ्याकडे आई बघतच राहिली. "म्हातारे झाले असते तर असेच दिसले असते गं." तेजलने पट्टी दोरीवर टांगली आणि पुन्हा परातीशी बसली.