घरातलं वाक्य

लिफ्टवाल्याने अंगठ्याचं नख दातांत धरलं, तोडलं आणि तुकडा टेबलाखाली थुंकला. फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंनी आपली खुर्ची मागे ओढली. नखात ग्रीस, तोंडात नख, आणि त्याच तोंडातून फ्रेंच! पण शिकवणी घेतली होती ना, आता भोगा आपल्या कर्माची फळं.

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. परदेशातल्या एका कंपनीने त्याला कामावर बोलावलं होतं, पण आधी फ्रेंचची तोंडी परीक्षा पास व्हायची अट होती. नापास झाला तर जागा दुसऱ्याला जाणार, पुन्हा संधी नाही. त्यामुळे तो बाईंकडे अगदी देवाकडे बघावं तसा बघायचा, आणि बघता बघता नाक बाहीला पुसायचा.

धडा पूर्ण भविष्यकाळाचा चालला होता. बाईंनी पुन्हा एकदा समजावलं. पुढे एक गोष्ट घडेल, पण तिच्याआधी दुसरी उरकलेली असेल. त्या उरकलेल्या गोष्टीसाठी हा काळ. आधी सहायक क्रियापद भविष्यकाळात घालायचं, मग मूळ क्रियापदाचं भूतकाळी रूप त्याला जोडायचं. बहुतेक क्रियापदांना सहायक म्हणून ‘आव्हुआर’ लागतं, पण जाणं, येणं, निघणं असल्यांना ‘एत्र’. लिफ्टवाला नेमका तिथेच आपटायचा. बाई टेबलावर पेन्सिल ठोकायच्या, की तो दचकून चूक सुधारायचा.

बाईंचा एक नियम होता. पुस्तकातलं मेलेलं वाक्य त्यांच्यापुढे चालायचं नाही. घरातलं वाक्य आणायचं. लिफ्टवाल्याने आणलं, “तुम्ही याल तोवर मी बादली भरलेली असेल.” बाईंनी कपाळाला हात लावला. इतकं अळणी बोललास तर परीक्षक घोरायला लागतील, जरा तिखटमीठ लाव, म्हणाल्या. घरात कोण आहे, तर तो आणि त्याची आई, दोघंच. मग आईवर वाक्यं कर, असं सांगून त्यांनी विषय संपवला.

पुढच्या शिकवणीला तो आला तो हसू दाबतच. “आई झोपून उठेल तोवर,” तो फ्रेंचमध्ये म्हणाला, “मी तिचा पलंग विकलेला असेल.”

व्याकरण बरोबर होतं. बाईंना मान डोलवावी लागली.

मग रोज नवीन वाक्य. आईला भूक लागेल तोवर मी सगळं खाऊन टाकलेलं असेल. आई चष्मा शोधेल तोवर मी तिचे दागिने नेलेले असतील. आणि प्रत्येक वाक्याला हा निर्लज्ज खुदखुदायचा. बाईंनी स्वतःच्या आईला अंथरुणात कूस बदलून दिली होती, तीही वर्षानुवर्षं. त्यांच्या अंगावर काटा यायचा.

एकदा राहवेना म्हणून त्यांनी विचारलंच, “तू गेल्यावर आईचं काय?”

लिफ्टवाला कानापर्यंत लाल झाला. “आईचं सगळं बघितलंय मी,” एवढंच म्हणाला, आणि पुन्हा नख तोंडात घातलं. चोराच्या मनात चांदणं, बाईंनी मनात म्हटलं.

आणि मग ते कुलपाचं वाक्य आलं. “आई दार वाजवेल, तेव्हा मी कुलूप बदलून निघून गेलेलो असेन.” ‘निघणं’ला त्याने ‘एत्र’ऐवजी ‘आव्हुआर’ लावलं होतं. बाईंनी पेन्सिल उचलली. त्या माउलीच्या पोटच्या गोळ्याकडे बघितलं, त्याच्या हसऱ्या तोंडाकडे, ओल्या बोटांकडे. नुसती किळस आली. असला माणूस जाऊच नये, मेला इथेच सडावा, आईच्या डोळ्यांसमोर तरी राहील.

त्यांनी पेन्सिल हळूच खाली ठेवली. “छान,” त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून सगळंच छान होतं. एत्रच्या जागी आव्हुआर, छान. उलटसुलट रूपं, छान. लिफ्टवाला खूश होऊन उड्या मारत जिना उतरायचा, आणि बाई फिनेल घालून टेबल पुसायच्या.

तो नापास झाला. दणकून झाला. बाईंना त्याचा निरोप आला तेव्हा त्यांनी चहा केला आणि निवांत प्यायल्या. एक म्हातारी वाचली, त्यांना वाटलं.

ती म्हातारी काही दिवसांनी काठी टेकत, धापा टाकत वर आली. मी लिफ्टवाल्याची आई, म्हणाली. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. तिचे डोळे रडून सुजलेले होते. मुलगा लाजेने तोंड दाखवत नाही, म्हणून त्याच्या वतीने माफी मागायला ती आली होती. बाईंची मेहनत मातीत गेली, याचंच त्याला जास्त लागलं होतं. शेवटी शेवटी तर त्याची एकही चूक निघत नव्हती, घरी येऊन नाचायचा, ती सांगत होती.

“आम्ही दोघंही जाणार होतो,” ती म्हणाली. “मला जिने झेपत नाहीत, म्हणून त्याने कंपनीकडून तळमजल्याची खोली मागून घेतली होती. आता सगळंच राहिलं.”

म्हणजे सख्ख्या आईलाही थापा! आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“मावशी,” त्या म्हणाल्या, “तो तुम्हाला नेणार नव्हता. इथे बसून काय काय बोलायचा ते मी या कानांनी ऐकलंय. तुम्ही दार वाजवाल तेव्हा कुलूप बदलून तो निघून गेलेला असेल, असं म्हणाला.”

म्हातारीने डोळे पुसले आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली.

“कुलपाचं होय? ते माझंच. त्याला बिचाऱ्याला काही सुचत नाही हो. तुम्ही आईवर वाक्यं मागितलीत, तर रडकुंडीला आला, म्हणून रोज जेवताना मीच एकेक सांगायचे. बाईंना कळू देऊ नकोस म्हणायचा, एवढा घोडा आईकडून गृहपाठ करून घेतो म्हणून हसतील.”