बाबांचा पेला

झिल्पाने जीभ दातांत धरून पेल्यावर पाचवी पाकळी रंगवली आणि मनासेने लगेच त्या ओल्या पाकळीवर बोट टेकवलं. लीयाने त्याचं बोट चिंधीने पुसून दिलं. एरवी धपाटाच मिळाला असता. आज तिला पोरांवर रागवायचंही त्राण नव्हतं.

पांढरा एनॅमलचा पेला तिने सकाळीच पनवेलच्या बाजारातून आणला होता. रंग घरचा. तिचा नवरा नाथन बैलगाड्या रंगवायचा. शिरढोणच्या एका गाडीची चाकं रंगवून उरलेले लाल आणि हिरवा, असे दोन डबे माळ्यावर पडून होते. तो स्वतः तीन आठवडे आतल्या खोलीत तापाने पडून होता. बाबांना भेट करायची, अगदी गुपचूप, असं तिने मुलांना सांगितलं. आठ वर्षांची झिल्पा आणि चार वर्षांचा मनासे, दोघंही हरखून गेली.

खरं कारण सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. मंगळवारी डॉक्टरांनी तिला अंगणात बाजूला घेतलं होतं. क्षय आहे, बराच पुढे गेलाय, म्हणाले. विलायतेत नवं औषध निघालंय म्हणतात, पण ते इथवर यायचं कधी आणि कुणाच्या हाती लागायचं. निदान पोरं वाचवा, यांचं उष्टं त्यांच्या तोंडाला लागू देऊ नका. आता नवऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुमचं भांडं आजपासून वेगळं? तापाने जायचा तो माणूस त्या शब्दानेच जायचा. म्हणून ही फुलं. भेट ज्याला दिली त्यानेच त्यातून प्यायचं, एवढं पोरांना पटवायला काही कष्ट पडले नाहीत. इस्राएलांचं, म्हणजे ज्यूंचं घर, दुधाचं भांडं निराळं, मटणाचं निराळं, हे मनासेलाही कळत होतं. त्यात आता बाबांचं आणखी एक.

"काठापासून दोन बोटं सोड," ती झिल्पाला म्हणाली. "रंग ओठांना लागायला नको."

रंग वाळायला दोन दिवस गेले. शुक्रवारी दिवेलागणीला पोरांनी पेला बापाच्या हातात दिला. नाथनने तो फिरवून फिरवून पाहिला, पाकळ्या मोजल्या, आणि काठ कोरा सोडलेला बघून म्हणाला, हे कुणा कसबी माणसाचं काम दिसतंय. मनासे लाजून त्याच्या कुशीत शिरायला गेला, तसं लीयाने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. तिला वाटलं, झालं, निभावलं.

घात झाला तो इथेच. पोरांची भेट बघून त्या माणसाला अशी काही उभारी आली की तीन शुक्रवार अंथरुणातून न उठलेला नाथन भिंत धरून उठला, डोक्याला टोपी घातली आणि खोबरेलाच्या दिव्यापाशी पाटावर येऊन बसला. दर शुक्रवारचा चांदीचा पेला त्याने बाजूला सारला. आज किद्दुशचा आशीर्वाद ह्यातच म्हणायचा, म्हणाला, आणि मनुकांचं सरबत त्या फुलांच्या पेल्यात ओतून घेतलं.

लीयाने चहाचा विचार केला होता, पाण्याचा केला होता, पेजेचाही केला होता. शुक्रवारचा पेला तिच्या ध्यानीमनीही आला नव्हता. आशीर्वाद म्हणून झाला की घरधन्याने घोट घ्यायचा, तोच पेला बायकोला द्यायचा, बायकोने पोरांना. लग्न होऊन आल्यापासून हेच चाललेलं, आणि बाई नेमकी तेच विसरली.

नाथनचा आवाज दोनदा खोकल्यात अडकला, पण त्याने शब्द पुरे केले. घोट घेतला. पेला तिच्या हातात आला. मनासेने आधीच दोन्ही हात पुढे केले होते. सांडून टाकावा, तर आशीर्वाद म्हटलेला पेला कुणी सांडत नाही. नको म्हणावं, तर सगळंच उघडं पडलं. तिने पेला तोंडाला लावला आणि घटाघटा पीत सुटली. तळाशी बसलेल्या मनुकेसकट सगळा संपवला.

झिल्पा रडकुंडीला आली. "आई, आम्हाला ठेवलंच नाहीस."

लीयाने चांदीचा पेला पुढे ओढून त्यात पोरांसाठी सरबत ओतलं. नाथनने रिकाम्या फुलांच्या पेल्याकडे पाहिलं, मग पोरांच्या हातातल्या चांदीच्या पेल्याकडे. डॉक्टर अंगणात काय बोलले, हे आता त्याला विचारावं लागलं नाही.

"झिल्पा, रंग उरलाय का गं?" तो म्हणाला.

"उरलाय बाबा. लाल उरलाय."

"रविवारी आईलाही असाच एक पेला रंगवून दे."