खुशाल घेऊन जा

रविवारच्या आत घर रिकामं करून आम्हा दोघांना लेकाच्या लहानशा फ्लॅटमध्ये जायचं होतं. चांगल्या वस्तू कचऱ्यात कशाला टाकायच्या? म्हणून मी जादा सामान खोक्यात भरून जपानमधल्या कानाझावातल्या आमच्या दाराबाहेर ठेवली. वर पाटी लावली, "फुकट आहे, खुशाल घेऊन जा."

संध्याकाळपर्यंत खोकं रिकामं झालं. पण सकाळी दार उघडतो तर काय! किटली नेणाऱ्याने बदल्यात ताजे मुळे ठेवलेले, पंखा नेणाऱ्याने लोणच्याची बरणी, आणि जुने वाडगे नेणाऱ्याने चक्क सहा नवे कोरे वाडगे.

"अहो, घर रिकामं करताय की नव्याने संसार मांडताय?" बायको, फुसाए, कडाडली. "आपल्या गल्लीत कुणी फुकटचं घेतं का कधी?"

मी ते सगळं पुन्हा खोक्यात भरलं आणि पाटीवर ठळक अक्षरांत भर घातली, "कृपया बदल्यात काहीही ठेवू नये."

दुसऱ्या दिवशी खोकं रिकामं होतं.



बाजूला बिस्किटांचा हा एवढा मोठा डबा होता आणि त्यावर चिठ्ठी : "आमच्यामुळे तुम्हाला पुन्हा पाटी लिहायचा त्रास झाला, माफ करा. – सगळी गल्ली."