बशीखालचा पेला

मिक्सर पिशवीत कोंबून तो दाराकडे निघाला, तेवढ्यात आई आडवी आली.

"कुठे चाललास तो घेऊन? धडधाकट आहे की."

"देऊन टाकतो कुणाला तरी."

"बाबांसाठी हौसेनं आणला होतास. राहू दे घरात."

तो थांबला. पिशवी हातातच राहिली. बाबा गेल्यापासून त्याचं हे असंच चाललं होतं. बस म्हटलं की बसायचा, वाढलं की जेवायचा. आमटीत मीठ होतं का, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. नातेवाईक येऊन रडून गेले, हा आपला कोरडा ठणठणीत. मावशी तर तोंडावर म्हणाली, "बापासाठी एक टिपूस नाही गाळलं पोरानं." त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

बाबा त्याला इंजिनियर म्हणायचे. शाळेत दोनदा गटांगळी खाल्लेल्या मुलाला इंजिनियर म्हणायचं, ही त्यांची जुनी चेष्टा. तो पाणी शुद्ध करायची यंत्रं दुरुस्त करायचा. लोकांच्या स्वयंपाकघरात उकिडवं बसून, क्षारांनी बुजलेल्या जाळ्या खरवडायचा. उजाडलं की घराबाहेर, ते दिवेलागणीलाच परत.

बाबांचा साखरेचा आजार जुना. कामावरच्या कुणीतरी मोबाइलवर दाखवलं, हिरव्या रसानं रक्त वाढतं, पोट साफ राहतं, आणि पोट साफ तर सगळं साफ. झालं! इंजिनियरनं मनावर घेतलं. रोज सकाळी पालकाची एक जुडी, अर्धं बीट आणि मूठभर भिजवलेले बदाम. मिक्सर असा बोंबलायचा की शेजाऱ्यांना वेगळं घड्याळ लावायला नको. पेला काठोकाठ भरायचा, वर बशी झाकायची, बाबांच्या खुर्चीशेजारी ठेवायचा आणि कामावर पळायचं. संध्याकाळी पेला धुऊन पालथा घातलेला असे.

"झकास होता हो, इंजिनियर," बाबा म्हणायचे. "आज तेवढं आलं जरा जास्त पडलं."

त्या दिवशी आलं त्यानं घातलंच नव्हतं. वय झालं की जीभ बोथट होते, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

मग बाबांचे पाय सुजायला लागले, किडन्या गेल्या, आणि पाठोपाठ बाबा. दवाखान्यात सगळं संपल्यावर, सह्या घेता घेता डॉक्टरांनी सहज विचारलं, "घरी पालकाचा कच्चा रस वगैरे देत नव्हता ना? हल्ली फार खूळ आहे त्याचं."

"का हो?"

"पालक भाजीत चांगलाच. पण कच्चा, पेलाभर, रोजच्या रोज, वर बीट आणि बदाम घालून कशाला? त्यात ऑक्झलेट नावाचं एक द्रव्य असतं. आतड्यातून ते रक्तात उतरतं, कॅल्शियमला धरतं आणि त्याचे बारीक खडे किडनीत जाऊन बसतात. चांगली धडधाकट किडनीसुद्धा बुजते हळूहळू."

"नाही," तो म्हणाला. "तसलं काही नव्हतं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि विषय संपला. पण जाळी कशी बुजते हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून कुठल्याही घरी यंत्र उघडलं की आतल्या पांढऱ्या थरात त्याला बाप दिसायचा. तो खरवडत सुटायचा. परवा एकाची जाळी फाटेपर्यंत खरवडली आणि बोलणी खाल्ली.

आईनं पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली. "काय होतंय तुला? माझ्याशी तरी बोल."

हे पोटात ठेवूनच मरायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण तो तिथेच खाली बसला आणि बोलायला लागला. आवाज सपाट, शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी तसा.

"बाबांना मी मारलं, आई. रोज पेला भरून मारलं. त्या रसानं किडन्या बुजतात. डॉक्टरांनी विचारलं तर मी खोटं बोललो."

आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती चक्क हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"अरे वेड्या, एक घोट तरी गेला का कधी त्यांच्या पोटात? पहिल्याच दिवशी बशी काढून वास घेतला आणि म्हणाले, मी काय बैल आहे का? पण तुझं मन मोडवेना त्यांना. संध्याकाळी काय बोलायचं ते मी पढवून ठेवायचे, तरी ते पदरचं काहीतरी जोडायचेच. त्यांच्या किडन्या साखरेनं खाल्ल्या रे. डॉक्टर कधीपासून सांगत होते, आपणच ऐकत नव्हतो."

त्याच्या छातीवरची धोंड सरकली. आधी त्याला ते खरंच वाटेना. मग घशातून एक विचित्र आवाज फुटला आणि तो लहान मुलासारखा आईच्या कुशीत शिरून रडला. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

बऱ्याच वेळानं त्यानं शर्टाच्या बाहीला डोळे पुसले. हसू आणि हुंदका एकत्रच आले.

"म्हणजे एवढे बदाम रोज मोरीत ओतलेत तुम्ही?"

"ओतवतील मला? लेकरानं झोपमोड करून केलेलं?" आई म्हणाली. "मीच प्यायचे. पहिल्या दिवसापासून, एक दिवस चुकवला नाही."

त्याचा हात डोळ्यांवरून खाली आला. तो उठला.

"आई, चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय."

"आत्ता? मग अनवाणीच यावं लागेल बघ," आई म्हणाली. "हल्ली कुठलीच चप्पल पायात शिरत नाही."